शून्य पूर्णांक चार शतांश

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच तो ठरलेला निबंध देतो, 'मी उन्हाळ्याच्या सुट्टीत काय केले'. मीही दिला. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे पोरांकडे सांगायला भरपूर असतं. मामाचं गाव, लग्नं, ताडोबा, आंबे. वह्या गोळा करताना पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही काय केलं सुट्टीत?"

मी म्हटलं, "बाबांसोबत मारुतीचं इंजिन बांधलं."

'इंजिन' हा शब्द मागच्या बाकांपर्यंत पोचलाच नसावा. तिकडून आवाज आला, "मारुतीचं देऊळ बांधलं, मॅडम?" वर्ग हसला, मीही हसले. पण त्या मुलीला उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून तो निबंध इथे लिहिते. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पालकहो, यात गाडीपेक्षा दशांश अपूर्णांक जास्त आहेत, तेव्हा गाड्यांचा कंटाळा असणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

बाबा एसटीच्या हिंगणा रोडवरच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी इंजिन विभागात. आमची गाडी म्हणजे मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ती बनवणं थांबवलं. मधल्या तीस वर्षांत किती घरांची पहिली गाडी हीच होती, ते तुम्हीच आठवून पाहा. आमचीही तीच. दोन वर्षांपासून ती निळा धूर मारत होती आणि ऑइल खात होती. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आई म्हणाली, भंगारात द्या. बाबा म्हणाले, घरी बांधतो.

अडचण एकच होती. बाबांचा उजवा हात आता थरथरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक रेषा त्यांना दिसत नाहीत. "मले आता मायक्रोमीटरच्या लाइनी दिसत नाही," ते म्हणाले. "डोळे तुझे, हात तुझे. काय पाहाचं ते मी सांगतो." मी डीएड केलेली बाई. पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सुटतो, इथपासून माझी सुरुवात.

आता थोडी कबुली. मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, मी वर्गात ०.३ आणि ०.२५ यांतली मोठी संख्या विचारली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ०.२५ लिहिलं. का, तर पंचवीस तीनपेक्षा मोठे. ही चूक तुम्हीही शेकडो वह्यांत पाहिली असेल. मी लाल फुली मारली आणि नेहमीचा उपाय सांगितला : तीनच्या पुढे शून्य लाव, म्हणजे ०.३०, आता तीस आणि पंचवीस बघ. त्याने पुढच्या वेळी शून्य लावलं, उत्तर बरोबर आलं, मी बरोबरची खूण केली. शतांश म्हणजे केवढं, हे त्याला कळलं नव्हतं. मलाही कळलेलं नव्हतं, पण ते मे महिन्यात समजलं.

इंजिन उतरवून, खोलून, ब्लॉक बोरिंगला आणि क्रँक ग्राइंडिंगला देऊन झालं. झिजलेल्या क्रँकचा पृष्ठभाग थोडा घासून पुन्हा गोल करतात आणि तेवढी जाड बेअरिंग बसवतात. गॅरेजच्या भाषेत 'दहाची', 'वीसची' बेअरिंग म्हणतात, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, वीस हजारांश. दहाची म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. आमची क्रँक दहावर निघाली. माझा भाऊ ती भर दुपारी गाडीच्या डिकीत घालून घेऊन आला. मेमधली नागपूरची दुपार. क्रँक हातात धरवत नव्हती.

मी मायक्रोमीटर काढला. बाबा म्हणाले, "ठेव. रात्रभर राहू दे."

"काय राहू दे? ती काय थकली का?"

"गरम आहे. खोटं बोलंल."

दुसऱ्या दिवशी मी वहीत हिशोब करून पाहिला. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांशापेक्षा किंचित जास्त वाढतं. समजा क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा तिचा गोल भाग, ४४ मिलिमीटर जाडीचा आहे आणि तो मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी जास्त गरम आहे. वाढ येते साधारण ०.०१५ मिलिमीटर, म्हणजे मायक्रोमीटरवरची दीड रेघ. आम्हाला शोधायची होती ती फट मुळात चारेक रेघांची. दीड रेघ उन्हानेच खाल्ली असती. मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान जगभर प्रमाण मानलं जातं, १९३१ पासून. नागपूरच्या मेमध्ये २० अंश कुठून आणणार? पण क्रँक आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे. रात्रभर एकाच खोलीत, एकाच पाटावर ठेवले तर दोन्ही सारखेच फुगतात आणि चूक जवळजवळ कटते. बाबांनी हा हिशोब कधी मांडला नसेल. पण त्यांनी मायक्रोमीटर क्रँकशेजारी ठेवला आणि कूलर बंद करायला लावला, कारण कूलरचा वारा एकाच बाजूला लागतो. आई त्या रात्री काय बोलली ते इथे लिहीत नाही.

सकाळी मोजणी. मायक्रोमीटरचा दांडा एक पूर्ण फेरा फिरला की अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. त्या फिरत्या नळीवर ५० रेघा असतात. म्हणून एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. दहा वर्षं फळ्यावर 'शतांश स्थान' लिहिते आहे, पण ते असं एका रेघेवर बोट ठेवून कधी पाहिलं नव्हतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकला चार मेन जर्नल. प्रत्येक दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजायचा, म्हणजे गोल आहे की अंडाकृती आणि एका टोकाला निमुळता झालाय का, हे कळतं. चार चोक सोळा मोजमापं. बाबा डोळे मिटून बसले होते, मी आकडे वाचत होते आणि ते पुन्हा म्हणून बघत होते. मग मी सवयीने म्हणाले, "फरक पॉइंट चार."

बाबांनी डोळे उघडले. "पॉइंट चार की पॉइंट शून्य चार?"

"तेच हो बाबा, शून्य चार."

"तेच कसं? पॉइंट चार असंल तर क्रँक भंगारात गेली. तू मास्तरीण ना?"

वर्गात मी मुलांना 'शून्य पूर्णांक चार शतांश' असं पूर्ण वाचायला लावते. कुणी 'पॉइंट चार' म्हटलं की थांबवते. आणि स्वतः दहापट चूक बोलून 'तेच' म्हणाले. त्या दिवसापासून बाबांसमोर प्रत्येक आकडा पूर्ण वाचला.

नवीन बेअरिंगची पेटी उघडली तेव्हा मला वाटलं, आता बसवायचं. क्रँक ग्राइंडिंगवाल्याने मोजून दिलीय, बेअरिंग कंपनीचं सीलबंद आहे, आणखी काय मोजायचं? बाबा म्हणाले, "काहून घाई करून राहिली माय? नवीन आहे म्हणून बरोबर आहे, असं कोणं सांगतलं तुले?"

इथे क्लिअरन्स म्हणजे काय ते सांगते, कारण वर्गातही हाच प्रश्न आला. क्रँक बेअरिंगला चिकटून फिरत नाही. दोघांच्या मध्ये बारीक फट असते आणि तीत दाबाने ऑइल येतं. क्रँक फिरते ती तेलाच्या त्या पातळ थरावर तरंगत. फट कमी पडली तर तेल मावत नाही, धातू धातूला घासतो, बेअरिंग तापतं आणि इंजिन जाम. फट जास्त झाली तर तेल बाजूने वाहून जातं, दाब पडतो, ठोका ऐकू येतो. म्हणजे दोन्हीकडून मरण. जुने मिस्त्री एक अंदाज धरतात : जर्नलच्या जाडीचा हजारावा भाग. ४४ मिलिमीटरला ०.०४४. हा नुसता अंदाज. शेवटचा शब्द त्या त्या इंजिनाच्या पुस्तकाचा. आणि हे चार शतांश दोन्ही बाजू मिळून. क्रँक बरोबर मध्यावर असेल तर एकेका बाजूला दोनच शतांश.

बेअरिंगच्या आतला व्यास मोजायचं साधन घरी नव्हतं. त्यासाठी प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. ब्लॉक उलटा ठेवायचा, बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या बसवायच्या, वर क्रँक ठेवायची. सगळं कोरडं, ऑइलचा थेंब नको. जर्नलवर धाग्याचा तुकडा आडवा, क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, वर कॅप ठेवून टॉर्क रेंचने पुस्तकात दिला आहे तेवढाच कस द्यायचा आणि क्रँक मुळीच फिरवायची नाही. मग कॅप पुन्हा काढायची. धागा चपटा झालेला असतो. त्याची रुंदी पाकिटावर छापलेल्या पट्टीशी जुळवायची. हिरव्या पाकिटातला धागा ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटर फटीसाठी असतो.

पहिल्या मेनची कॅप काढली. जुळवलं. चार शतांशांच्या आसपास. दुसरीही तशीच. तिसऱ्यावर पट्टी एकदम रुंद पसरलेली. मी खूश होऊन म्हणाले, "बाबा, इथे भरपूर जागा आहे!"

बाबा काही बोलले नाहीत. मग माझ्याच लक्षात आलं. धागा जितका जास्त चेपला, तितकी फट कमी. पट्टी पाकिटावरच्या सगळ्यात रुंद खुणेच्याही बाहेर जात होती, म्हणजे फट ०.०२५ पेक्षाही कमी. व्यस्त प्रमाण. कामगार आणि दिवसांची उदाहरणं किती सोडवलीत मी, पण समोर आल्यावर ओळखता आलं नाही.

जर्नल तर सकाळीच मोजला होता, बाकीच्या तिघांसारखाच होता. मला वाटलं बेअरिंगच चुकीचं आलं. दुकानदाराला फोन लावायला निघाले. बाबांनी बसवलं. "आधी खाली पाहा. त्याच्या मागं काय आहे?"

बेअरिंगची वाटी काढली. तिच्या पाठीमागे, ब्लॉकला टेकते त्या बाजूला, पांढऱ्या सुताचं एक टोक चेपून बसलेलं होतं. नखाएवढंही नाही. आदल्या संध्याकाळी मीच नव्या पंचाचा तुकडा फाडून सगळं स्वच्छ पुसलं होतं. नवा पंचा सूत सोडतो. बाबांनी पुसण्यासाठी जुनं, शंभरदा धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं. मला ते कळकट वाटलं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं. कापसाच्या मुलखात राहून कापसानेच घात केला.

धागा काढला, पेट्रोलने धुतलं, धोतराने पुसलं, नवीन प्लॅस्टिगेज ठेवलं, पुन्हा कस दिला, पुन्हा कॅप काढली. चार शतांश. चौथी बरोबर आली. सगळ्याला अडीच तास गेले. न मोजता बसवलं असतं तर पंधरा मिनिटांत झालं असतं.

त्या संध्याकाळी बाबांनी एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. एसटीत लागण्यापूर्वी ते एका गॅरेजात हेल्पर होते. एका अँबेसेडरच्या इंजिनाची बेअरिंग त्यांनी बसवली. मिस्त्री जेवायला गेलेला, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. दोन दिवसांनी तीच गाडी नवरदेवाला घेऊन अमरावतीकडे निघाली आणि कोंढाळीच्या पुढे इंजिन जाम झालं. कुणाला लागलं नाही, वरात ट्रकमधून गेली. मालक त्यांना बोललासुद्धा नाही, त्याने मिस्त्रीच्या पगारातून पैसे कापले. "मी पुसलं होतं, पाहिलं नव्हतं," बाबा म्हणाले. त्या मिस्त्रीला चार लेकरं होती. एवढंच बोलून ते आत गेले. त्यांच्या थरथरत्या हाताने टॉर्क रेंच धरायचा हट्ट ते का करत होते, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

पुढचं काम मानाने सोपं गेलं. पिस्टनच्या रिंगा मात्र सांगायलाच हव्यात, कारण त्यात उष्णता आणि परिघ दोन्ही येतात. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. तीन सिलिंडरचं घनफळ काढा, बरोबर ७९६ घनसेंटिमीटर येतं. कंपनी 'आठशे' म्हणते ते हे. (आमचा बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, त्यामुळे आमची गाडी आता खरोखर आठशेच्या वर गेली. भावाने हे सगळ्यांना सांगितलं.) रिंग पूर्ण गोल नसते, तिला एक चीर असते. रिंग सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ आत ढकलून, त्या चिरेतली फट फिलर गेजने मोजायची. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो, तेव्हा ती लाल करतो, म्हणजे ती वाढते आणि चाकावर बसते. रिंगही तशीच वाढते. ६९ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परिघ साधारण २१७ मिलिमीटर. ती सिलिंडरपेक्षा शंभर अंश जास्त तापली असं धरलं, तर लांबी जवळजवळ पाव मिलिमीटरने वाढते. थंड असताना तेवढी जागा नसेल, तर गरम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. आमच्या एका रिंगेत फट कमी निघाली. बारीक कानशीने दोन-दोन घासे मारायचे, मोजायचं, परत घासायचं. जास्त गेलं तर परत आणता येत नाही. हे काम बाबांनी स्वतः केलं. हात थरथरत होता, पण कानस टेकली की थांबायचा. कसा, ते मला सांगता येणार नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता, त्या सकाळी इंजिन सुरू झालं. तिसऱ्या सेल्फला. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत बाबांनी माझा दंड धरून ठेवला होता. धूर नाही. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, भंगाराचा विषय संपला.

आता वर्गातलं. जुलैमध्ये दशांश अपूर्णांकांच्या उजळणीला मी बाबांचा फिलर गेज नेला. चाकूच्या पात्यांसारखी पातळ पोलादी पाती, प्रत्येकावर जाडी कोरलेली. आकड्यांवर चिकटपट्टी लावली. पाच पाती काढली आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावलं. तो आता सहावीत गेलाय, पण वर्ग शेजारीच आहे. त्याच्या सरांची परवानगी घेतली. डोळे मिटून पाती चाचपायची आणि पातळपासून जाडपर्यंत लावायची. पोरगं बोटांच्या चिमटीत एकेक पातं वाकवून बघत होतं. जाड पातं कमी वाकतं, हे त्याने आपणहून शोधलं, मी सांगितलं नव्हतं. लावून झाल्यावर चिकटपट्ट्या काढल्या. ०.०५, ०.१०, ०.२५, ०.३०, ०.५०. तो ०.२५ आणि ०.३० च्या पात्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, शून्य लावायच्या आधीपण हेच जाड होतं ना?"

मी 'हो' म्हटलं. मार्चमधल्या लाल फुलीबद्दल काही बोलले नाही, बोलायला हवं होतं.

ज्यांच्याकडे गेज नाही त्यांच्यासाठी : २०० पानी वही घ्या. त्यात कागद १००. पुठ्ठे सोडून कागद घट्ट दाबायचे आणि पट्टीने जाडी मोजायची. आमच्या वहीची साडेसात मिलिमीटर आली. भागिले शंभर, ०.०७५. एका कागदाची जाडी! पाचवीच्या मुलांनी पट्टीने सहस्रांशापर्यंत उत्तर काढलं, यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता. मग मी सांगितलं, या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्म्या फटीत माझ्या बाबांच्या गाडीचं तेल मावतं. निबंधाच्या दिवशी विचारणाऱ्या त्याच मुलीने हात वर केला. "मग फट शून्य केली तर अजून चांगलं ना मॅडम? एकदम फिट." हाच प्रश्न मी मे महिन्यात बाबांना विचारला होता, वेगळ्या शब्दांत. मी तिला दोन्ही हातांचे तळवे घट्ट दाबून जोरात घासायला सांगितलं, नंतर खोबरेल तेलाचे दोन थेंब देऊन पुन्हा. "आता तेलाला जागाच दिली नाही तर?" तिने तळहात बघितले आणि खाली बसली.

एका पालकांचा फोन आला, गणिताच्या तासाला इंजिन काहून शिकवता म्हणून. समजावून सांगितलं, पटलं की नाही ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. ते गॅरेजात काम करतात. सोबत जुना पिस्टन आणि तुटलेल्या रिंगा आणल्या होत्या, वर्गात ठेवायला. हात पुसतच आत आले. त्यांच्या मुलीने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं की ते मेकॅनिक आहेत.

नवीन बांधलेल्या इंजिनाचे टॅपेट थोडं चालल्यावर पुन्हा तपासावे लागतात. गाडी हजार किलोमीटरच्या जवळ आलीय. पुढच्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, ते करायचंय. चौघांनी यायचं म्हटलंय, त्यात तो सहावीतला मुलगाही आहे. पालकांच्या सहीच्या चिठ्ठ्या तिघांच्या आल्या. बाबांनी जुनं धोतर धुवून वाळत घातलंय.